ओवाळणीतली वही

केदारखेड्यात कापूस वाळला की नाही हे दातानं कळतं. कापसातली एक सरकी काढायची, दाढेखाली धरायची आणि चावायची. ‘कट्’ असा आवाज आला की कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, न्यायला हरकत नाही. सरकी नुसतीच चेमटली, तर परत पसरा गच्चीवर. अर्पिताला हा ‘कट्’ इतका आवडायचा की दहावीत आली तरी तिच्या खिशात सरक्या असायच्या. एकदा तिनं भर तासाला एक चावली, तर गणिताच्या सरांना वाटलं कुणाची तरी पट्टी मोडली.

त्या दिवशी ती बापाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जिनिंगला निघाली होती. इस्त्रीचा गणवेश, दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी आणि खिशात सरक्यांच्या जोडीला दोन पानी भाषण. वंदनाआत्यानं फोन करून सांगितलं होतं, “अर्पू, आपल्या मशीनचं उद्घाटन आहे. फीत मी एकटी कापणार नाही, कात्रीला तुझाही हात पाहिजे.” आपल्या मशीनचं! अर्पितानं ते ‘आपल्या’ दिवसभर लिमलेटच्या गोळीसारखं तोंडात घोळवलं होतं.

मागच्या ट्रॅक्टरवर रामप्रसादकाका होते. बांधाला बांध, घराला घर, आणि अर्पिताच्या जन्माचे पेढे गावभर वाटलेला माणूस. पुढच्या ट्रॅक्टरपर्यंत सहज पोचेल असा त्यांचा आवाज होता.

“अर्पे, वाच की भाषण! न्हाईतर तिथं जाऊन त त प प करशील.”

“काका, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आलीय मी. आता त त प प दुसरे करतात, मला बघून!”

“मच्छिंद्रा, ऐकलं का रे? पोरीला कमी खायला घाल. लई फुगून राह्यली.”

अर्पिताचा बाप मच्छिंद्र हसला. तो कमी बोलायचा. त्याचा बोलण्याचा सगळा वाटा बहिणीनं आणि पोरीनं वाटून घेतला होता.

आता ही ‘आपली मशीन’ कुठून आली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

वंदनाआत्या संभाजीनगरला विद्यापीठात संशोधन करायची. तिनं एक सेन्सर तयार केला होता. दोन स्टीलच्या लांब सुया, वर टॉर्चएवढा डबा. कापसाच्या ढिगात खुपसलं की आत ओलावा किती ते आकड्यात यायचं. पण तशी यंत्रं बाजारात आधीच होती. आत्याची कमाल वेगळीच होती. तिची सुई सांगणार होती की ओलावा दवाचा आहे की हंड्याचा.

हंड्याचा म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणी उघड बोलत नाही. जिनिंगला न्यायच्या आदल्या संध्याकाळी ढिगावर दोन-चार हंडे पाणी मारायचं. वजन वाढतं. चाल जुनी, सगळे करणार आणि सगळेच शेजाऱ्याकडे बोट दाखवणार. त्यामुळे व्हायचं काय, जिनिंगवाला ढिगात हात घालायचा, ओलं लागलं की ‘पाणी मारलंय’ म्हणायचा आणि वजनातून सरसकट कापायचा. ज्याच्या कापसावर बिचारं नुसतं दव पडलेलं, तोही चोरात मोजला जायचा. आत्या म्हणायची, माझी सुई आली की खऱ्याला खरं म्हणता येईल.

पण सुईला शिकवायला खरी उत्तरं लागतात. विद्यापीठातली भट्टी कापूस सुकवून ओलावा किती होता ते सांगायची. तो कुठून आला हे भट्टीला काय माहीत? ते फक्त माणूस सांगणार. आणि माणूस ते विद्यापीठाला सांगत नाही. सांगितलं तर फार फार तर घरच्या पोरीला सांगतो.

म्हणून अर्पिता. सातवी आणि आठवी, दोन्ही हंगाम ती शंभर पानी वही आणि सुई घेऊन दारोदार फिरली. पहिले आठ दिवस एकच उत्तर, “पाणी? आमी? छ्या!” शेवटी ती रडकुंडीला येऊन घरी बसली, तेव्हा मच्छिंद्रनं वही तिच्या मांडीवर ठेवली.

“लिही. पहिलं नाव तुझ्या बापाचं. चार हंडे मारले परवा. आधी आपलं लिही, मंग दुसऱ्याच्या दारात जा.”

आणि काय सांगावं, दारं उघडली की! मच्छिंद्रनं सांगितलं म्हटल्यावर रामप्रसादकाकांनी सांगितलं. काकांनी सांगितलं म्हटल्यावर अख्ख्या आळीनं. पुष्पाबाईनं तर तिला चुलीपाशी ओढून नेलं, हातात गरम भाकरी दिली आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. “तीन हंडे! आन् लिही, तिसरा हंडा सासूनं मारला, मी न्हाई मारला. सुईला बराबर कळलं पाहिजे!”

अर्पितानं नावं उघडी लिहिली नाहीत. तिनं संकेत केले आणि ते फराळाचे केले, कारण तेव्हा दिवाळी होती आणि पोटात दुसरं काही नव्हतंच. रामप्रसादकाकांच्या मिशा पिळलेल्या म्हणून ते ‘चकली’. पुष्पाबाई पोटात गोड लपवणारी म्हणून ‘करंजी’. बाप ‘अनारसा’, दिसायला साधा, जमायला अवघड. फराळ संपला तेव्हा भाज्या सुरू केल्या. एकूण बेचाळीस. कोणता संकेत कुणाचा ते वहीच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. आणि प्रत्येक दारात ती छातीवर हात ठेवून सांगायची, “काम झालं की शेवटचं पान फाडून चुलीत घालीन. नाव बाहेर जाणार न्हाई. आत्यानं रेणुकाईची आण घेतलीय.”

घेतलीही होती आत्यानं. पिंपळगावला देवीच्या पायरीवर उभी राहून, अर्पितासमोर.

मग गेल्या वर्षीची भाऊबीज. आत्यानं मच्छिंद्रला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि तो साडीची पिशवी ताटात ठेवणार तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला. “दादा, यंदा साडी नको. ओवाळणीत मला अर्पूची वही दे.”

भावानं भाऊबीजेला नाही म्हणायचं नसतं. मच्छिंद्रनं लेकीकडं बघितलं. अर्पिताला तर आभाळ ठेंगणं! तिची वही, आत्याच्या ताटात, निरंजनाशेजारी! ती शेवटचं पान फाडायला धावली, तर आत्या म्हणाली, “अगं, ओवाळणीची वस्तू फाडून देतात का? अपशकुन असतो. मी फाडीन ना नंतर.” अर्पितानं हात मागं घेतला. एवढंच. तेवढ्यात सगळं होऊन गेलं होतं, पण कळलं कुणाला?

यंदा भाऊबीजेला आत्या आली नव्हती. कंपनीचं काम, म्हणाली. तिच्या संशोधनाची आता कंपनी झाली होती, ‘ओलावेध’ नावाची. अर्धी तिची, अर्धी चांदमलशेठच्या नातवाची, मयंकची. जिनिंग त्यांचीच.

जिनिंगच्या फाटकाला झेंडूच्या माळा होत्या. नारळ फुटला, पेढे फिरले. आत्या निळ्या साडीत इतकी छान दिसत होती की अर्पिताला वाटलं, आपणही मोठं होऊन अगदी अस्संच व्हायचं. फीत कापली, टाळ्या झाल्या. भाषण मात्र चांदमलशेठ आल्यावर होणार होतं, तोवर पहिल्या ट्रॉल्या सोडायच्या ठरल्या.

सुईपाशी कल्याण नावाचा पोरगेला माणूस टॅब घेऊन उभा होता. मच्छिंद्रची ट्रॉली पुढं आली. कल्याणनं नाव टाकलं, टॅब हिरवा झाला, एकदा सुई टोचली, “ओके मामा, काट्यावर घ्या.” दोन मिनिटं! अर्पिता टाळ्याच पिटणार होती.

मग रामप्रसादकाका. नाव टाकलं आणि टॅब लाल झाला, टूंऽ करून. कल्याणनं ट्रॉली बाजूच्या मोकळ्या जागेत लावायला सांगितली. एक सुई, दोन, चार. ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला, कापूस उकरून आत, तळाशी. एकूण आठ.

“का रे बाबा?” काका म्हणाले. “यंदा थेंब न्हाई मारला. पोरीची सुई येणार म्हणून पंधरा दिवस गच्चीवर वाळवलाय. ही बघ.” त्यांनी एक सरकी काढून चावली. कट्. फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

“आठही हिरव्या आल्यात काका,” कल्याण कानकोंडा होऊन म्हणाला. “पण नाव लाल हाये ना. लाल नावाला यंदाच्या साली क्विंटलमागं दोन किलो कमीच धरायचेत. वरून ऑर्डर हाये.”

“कापूस कोरडा आन् नाव वलं? हे कोणतं यंत्र म्हणायचं?”

अर्पिता मधे घुसली. “दाखव इकडं, काहीतरी चुकलंय. मी सांगते, ही मशीन आमच्या घरची आहे.” तिनं टॅब जवळजवळ हिसकावलाच. काकांचं पूर्ण नाव. गाव केदारखेडा. मागील नोंद: पाणी, दोन हंगाम. आणि खाली, अगदी बारीक अक्षरात, कुणीतरी पुसायचं विसरलेलं: जुना संकेत, चकली.

चकली.

तिनं ते परत वाचलं. जगात चकली पुष्कळ लोक खातात, पण माणसाला चकली म्हणणारी एकच वही होती.

“अजून दाखव,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. कल्याणनं बोट फिरवलं. शेव. कडबोळी. करंजी. दोडका. गवार. प्रत्येकासमोर खरं नाव, आणि सगळे लाल. वर आकडा होता, केदारखेडा: ४१.

ती ऑफिसात शिरली तेव्हा मयंक पेढ्यांचा बॉक्स फिरवत होता. “आओ आओ, अर्पिता! आपल्या कंपनीची सगळ्यात छोटी सायंटिस्ट!”

“आत्या, मला बोलायचंय.”

मयंक शहाणा होता, बॉक्स घेऊन बाहेर गेला.

“चकली तिथं काय करून राह्यली, आत्या?”

आत्या आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू खाली बसलं. “तुला दिसायला नको होतं ते. संकेत काढून टाका म्हणून सांगितलं होतं मी त्यांना.”

“संकेत काढायचे होते? नावं न्हाई?”

“अर्पू, बस. पाणी पी.”

“तू आण घेतली होती. रेणुकाईची.”

“नाव छापणार नाही अशी आण होती. माझ्या प्रबंधात एक नाव दाखव मला.”

“प्रबंधात न्हाई, मशिनीत हाये!” अर्पिता ओरडली. शाळेतली शुद्ध भाषा कधीच गळून पडली होती.

आत्यानं खिडकी लावून घेतली. “सहा महिने मी लोकांच्या केबिनबाहेर बसले गं. सगळे म्हणायचे, छान आहे, पुढं बघू. प्रबंध झाला, कपाटात गेला. ही सुई कुणालाच नको होती. शेटजी म्हणाले, प्रत्येक ट्रॉलीत आठ-आठ सुया टोचत बसलो तर लाइन भोकरदनपर्यंत जाईल. कोणाला टोचायचं तेवढं सांगा, मग घेतो. त्यांना यंत्र नको होतं, यादी पाहिजे होती. यादीबरोबर यंत्र गेलं. असंच जातं सगळं. तू मोठी झालीस की कळेल.”

“अनारसा कुठंय?”

“काय?”

“बेचाळीस होते. यादीत एक्केचाळीस हायेत. माझ्या बापाचं नाव पहिलं होतं, आत्या. पहिल्या पानावर.”

बाहेर काट्यावर कुणीतरी आकडा ओरडला.

“दादाचं नाव कसं ठेवीन मी?” आत्या शेवटी म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज खरंच मायेचा होता. तेच वाईट होतं. “माझा सख्खा भाऊ आहे. तेवढं कळतं मला.”

येताना अर्पिताच्या मनात एक आशा होती, की आत्याला समजलं नसेल, मोठ्या लोकांनी फसवलं असेल, कंपनीत होतं असं. पण समजलं नसतं तर अनारसा यादीत राहिला असता.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “लाल म्हणजे काय ते तुला बराबर माहीत होतं.”

आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं केला. अर्पिता सरकली. हात तसाच राहिला.

बाहेर मच्छिंद्र काट्यावर होता आणि रामप्रसादकाका उकरलेल्या कापसाशेजारी उकिडवे बसले होते. अर्पितानं दोघांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं. सगळं. चकली म्हणजे कोण हेही सांगितलं, आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी काका त्यावर पोट धरून हसले असते.

“तू म्हणली होती, पान चुलीत घालीन,” काका म्हणाले.

“हो काका.”

“मंग?”

“आत्यानं ओवाळणीत मागितली वही. ओवाळणी फाडून देऊ न्हाई म्हणली.”

काकांनी एक सरकी उचलली. चावली नाही, नुसती बोटात फिरवली. “ओवाळणी द्यायची तर आपल्या घरातलं द्यावं, पोरी. तुमी गावाचं दिलं.”

ते आवाज न चढवता बोलले. अर्पिताला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मच्छिंद्र ट्रॅक्टरवर चढला. काट्यावरून ट्रॉली मागं घेतली, वळवली आणि रामप्रसादकाकांच्या ट्रॉलीमागं, त्या लाल जागेत आणून लावली. कल्याण पळत आला.

“मामा, तुमचं झालंय! तुमचं हिरवं हाये!”

“लाल कर.”

“मशिनीत न्हाई ना तुमचं नाव.”

“मंग पेनानं लिही. तीन साल झाले, चार हंडे मारल्ते. वंदीला इचार, न्हाईतर हिला इचार.”

कल्याणकडं कागद नव्हता. अर्पितानं खिशातून भाषण काढलं, पाठीमागची कोरी बाजू वर केली आणि मडगार्डवर ठेवून लिहिलं: मच्छिंद्र, केदारखेडा, पाणी, चार हंडे. क्षणभर थांबली. मग पुढं लिहिलं, अनारसा. कागद कल्याणच्या हातात दिला, तेव्हा चांदमलशेठ आले होते आणि माइकवर आत्याचा आवाज घुमत होता, “आणि आता आमच्या गावची लेक, जिच्याशिवाय हे संशोधन…”

गावची लेक ट्रॉलीत चढून कापसावर बसली होती, माइककडं पाठ करून.

मच्छिंद्रच्या वजनातून क्विंटलमागं दोन किलो गेले म्हणून काकांचे परत येणार नव्हते. येताना त्यांचा ट्रॅक्टर पुढं होता आणि त्यांनी एकदाही मागं वळून थट्टा केली नाही. केदारखेड्यापर्यंत नुसता इंजिनाचा आवाज.

रविवारी अर्पिता घरोघर निघाली. लाल नावांची गोष्ट गावभर झालीच होती, तरी तिनं ठरवलं होतं, उरलेल्या चाळीस दारात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं. हिंमत आहे ना एवढी? प्रदर्शनात पहिली आलेली पोरगी ना? पहिलं दार तिनं सगळ्यात सोपं निवडलं.

पुष्पाबाई अंगणात होती. तिला बघून उठली, हात पुसले आणि आत गेली. अर्पिताला वाटलं, नेहमीसारखी चुलीपाशी ओढून नेईल. पण पुष्पाबाई बाहेर आली ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन. तलाठी आले, बँकेचे साहेब आले की काढतात ती. पदरानं पुसून तिनं ती अंगणाच्या मधोमध ठेवली.

“बसा.”

बसा! अर्पिता बसली. बूड कसंतरी टेकवून.

“काकू, ते वहीत मी तुमचं लिहिलं होतं ना, तीन हंड्यांचं, ते त्यांनी…”

“कसले हंडे?” पुष्पाबाईनं डोळ्याला डोळा न भिडवता विचारलं.

“तीन. तिसरा सासूबाईंनी मारल्ता. तुम्हीच…”

“न्हाई ताई,” पुष्पाबाई म्हणाली. अगदी अदबीनं. “आमी कधी पाणी मारलंच न्हाई. आमच्यात तशी चालच न्हाई. चहा घेता का?”

आणि बशीवर कप ठेवून तिनं चहा बाहेरच आणून दिला.